दुसऱ्या पंचाची सही

कॉम्प्युटर हँग होतोय म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: आतली धूळ शेवटची कधी काढली? लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. काष्टीत दुकान टाकून मला एकोणीस वर्षं झाली, आणि शंभरातली ऐंशी दुखणी मी नुसत्या ब्लोअरनं बरी केलीत. शनिवारी जनावरांचा बाजार भरला की अख्ख्या गावावर धुरळा बसतो, तो मशीनच्या आतही बसतो. उरलेल्या विसातली पंधरा दुखणी व्होल्टेजची. राहिली पाच, ती मालकाच्या डोक्यातली असतात आणि त्यावर माझ्याकडं औषध नाही.

हे आधीच सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढचं ऐकून कुणी मला देवऋषाकडं न्यायला निघू नये. माझं डोकं ठिकाणावर आहे. जरा तापट आहे, पण ठिकाणावर आहे.

मार्चमध्ये गहिनीनाथचा फोन आला. त्याला गावात सगळे बापू म्हणतात. गावापासून तीन किलोमीटरवर कॅनॉलच्या कडेला त्याची वस्ती. नवा स्लॅबचा बंगला, समोर ऊस, मागं विहीर आणि विहिरीला लागून दोन एकर लिंबोणीची बाग. बायको-पोरं शाळेसाठी नगरला. वस्तीवर तो आणि त्याची म्हातारी आई भागूबाई, दोघंच.

"रविराज, मशीन लई तरास देतंय. काम करता करता थिजतंय. माऊस बी हालत न्हाई."

"धूळ शेवटची कधी काढली?"

"तू ये तर खरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ते मशीन बापूचं नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीचं, सुकन्याताईचं. नवरा गेल्यावर ताई लेकीला घेऊन माहेरी आली आणि त्या कॉम्प्युटरवर वस्तीवरच्या लोकांचे पीकविम्याचे, रेशनचे फॉर्म भरून द्यायची. टायपिंग असं करायची की बघत बसावं. अडीच वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून ती गेली. लेक निकिता तेव्हा दहा वर्षांची होती. तिला तिच्या आत्यानं बेलापूरला नेलं.

दारात भागूआजी फरशी पुसत होत्या. लेक गेल्यापासून त्या दिवसातून तीन-तीनदा फरशी पुसतात असं ऐकलं होतं.

"चपला भायेर काड," त्या म्हणाल्या. त्या घराचा तो नियमच. पाव्हणा असो नाहीतर पुढारी, चपला बाहेर.

मी कॅबिनेट उघडलं, धूळ मारली, पंख्याखालची पेस्ट बदलली, रॅम खोडरबरानं घासून परत बसवली. मशीन मस्त चालू झालं. म्हणलं, बापू, तुम्ही काय करत होता तेच करून दाखवा.

त्यानं वंशावळीचा कागद उघडला. बापूचे वडील, सहादेवतात्या, दिवाळीत वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची होती, त्यासाठी तलाठ्याला वंशावळ टाईप करून हवी होती, खाली दोन पंचांच्या सह्यांसकट. बापू एका बोटानं टाईप करत होता. मयत सहादेव. वारस एक, पत्नी भागूबाई. वारस दोन, मुलगा गहिनीनाथ.

'नाथ' टाईप झालं आणि पडदा थिजला.

"बघ. रोज हितंच येऊन बसतंय," बापू म्हणाला.

मी मात्र वाचत होतो. "बापू, ताईचं नाव राहिलं की."

"ती कुठंय आता?"

"ती नाही, पण निकिता आहे. ताईचा वाटा तिला जातो."

"ती ऱ्हाती बेलापूरला. तिला हितलं काय करायचंय? तू मशीन बघ."

यात नवीन काही नाही. आमच्याकडं वंशावळ लिहिताना लेकी विसरायची रीतच आहे. जित्या असल्या तर राखीपौर्णिमेला चांगली साडी नेसवून हक्कसोडीवर सही घेतात, आणि मेल्या असल्या तर तेवढाही खर्च करत नाहीत. पण इथं गोष्ट वेगळी होती. ताई असतानाच तात्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, लिंबोणीची बाग सुकन्याची. मी त्या चार माणसांत होतो.

तरी मी मशीनकडंच वळलो. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ अकरा चाळीसवर अडकलं होतं आणि माझ्या मोबाईलमध्ये साडेदहाच वाजले होते. म्हणलं, मशीनच्या आतला घड्याळाचा सेल गेला असणार. सेल बदलला, घड्याळ लावलं. बापूनं पुन्हा टाईप केलं. 'नाथ' झालं, पडदा थिजला, कोपऱ्यात अकरा चाळीस.

च्यायला, नवा सेल!

मशीन उचलून दुकानात आणलं. दोन दिवस, दोन रात्री चालू ठेवलं. गाणी लावली, पिक्चर लावले, गेम लावला. एकदाही अडकलं नाही. व्होल्टेजचाच खेळ आहे म्हणून मी खूश झालो. तीनफेज लाईट आली की वस्तीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि घरातले बल्ब मिणमिणतात, हे मला माहीत होतं. जाता जाता खात्री म्हणून मीच वंशावळ टाईप केली.

थिजलं. अकरा चाळीस. बाहेर दुपारचे चार वाजले होते.

मला राग आला. मशीन मला येडं बनवतंय हे मला सहन होत नाही. रॅम बदलली, हार्डडिस्क काढून नवी टाकली, सगळी सिस्टीम कोरी केली. वंशावळ लिहिली की थिजायचं. मग एक गोष्ट करून बघितली. वारस दोन, मुलगी सुकन्या, मयत, तिची मुलगी निकिता. वारस तीन, मुलगा गहिनीनाथ.

मशीन चालू राहिलं. सरळ प्रिंट निघाली.

सात वेळा केलं. नाव काढलं की थिजतं, नाव घातलं की चालतं. कारागीर माणूस एकदा चुकेल, दोनदा चुकेल. सात वेळा नाही चुकत.

आठव्यांदा ते बंद करून मी पिन काढली आणि आत हात घातला, तर मनगटाला मुंग्या आल्या. टेस्टर लावला. पेटला. आत थोडा चार्ज राहतो कधीकधी, म्हणून अर्धा तास बाहेर बाकड्यावर बसून आलो. परत लावला. परत पेटला.

तेव्हा मला ते आठवलं. आठवलं कसलं, विसरलोच नव्हतो. एक गोष्ट मी अडीच वर्षं कुणाला बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा नाही.

ताई जायच्या नऊ दिवस आधी मी त्याच घरी गेलो होतो. ताई म्हणाली होती, रविदादा, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. मी टेस्टर घेऊन शोधत शोधत विहिरीपर्यंत गेलो. अर्थिंगची तार तुटली होती आणि मोटरीच्या बॉडीत करंट उतरत होता. घरातलं वायरिंग मी तात्पुरतं वेगळं केलं आणि बापूला बाजूला घेऊन सांगितलं, मोटरीला कुणी हात लावू नका, ऑटोचा स्विच बंद ठेवा, नाहीतर लाईट आली की ती आपोआप उठंल आणि माणूस चिकटंल. बापू म्हणाला, बघतो. ताई आत चहा करत होती. मी तिला सांगितलं नाही. घरच्या कर्त्या माणसाला सांगितलं, माझं काम झालं. बाईमाणसाला काय सांगायचं मोटरीचं, असंच मला वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात तात्या चार माणसांत बागेचं बोलले. त्यानंतर दोन दिवसांनी बापूनं ताईला विहिरीवर पाठवलं, पाईपाचा कॉक फिरवायला. बागेत पाणी सोडलेलं, चिखल, म्हणून चपला बांधावर काढून ती अनवाणी गेली. ऑटो चालूच होता. लाईट आली.

पोलिसांना पंचनाम्याला दोन शिकलेली माणसं हवी होती. मी खिशाला पेन लावून हिंडणारा. पंच नंबर दोन म्हणून मी सही केली. वाचलंसुद्धा नाही. 'अपघाती' एवढा एक शब्द दिसला आणि बापू समोर उभा होता. गावात राहायचं होतं मला. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन वस्तीवर गेलो आणि बापूला स्पष्ट सांगितलं. "मशीनमध्ये काही दोष नाही. ताईचं नाव घातलं की चालतंय. नाही घातलं की अकरा चाळीसला थांबतंय."

"कितीला?"

"अकरा चाळीस."

बापूच्या तोंडावरचा रंग उतरला. भागूआजी कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशी लाईट तवाच आल्ती. भिंतीवरचं घड्याळ बघून म्या म्हनले, आली बघ."

"आये, तू गप बस," बापू ओरडला. मग माझ्याकडं वळला. "तुला मशीन नीट कराया बोलावलंय. वाटणी कराया न्हाई."

"मग हातानं लिहा. नाहीतर गावातल्या सेंटरवर टाईप करा. माझं काय जातंय?"

"सेंटरवर? म्हंजे सांच्यापातुर अख्ख्या गावाला कळंल, बापूनं भाचीचं नाव उडवलं. आन तलाठी हातचं घेत न्हाई. उद्या बाराला तो हितं येनार हाय. तू अकराला ये, मशीन चालू कर, प्रिंट काढ. आन खाली तुझी सही लागंल. पंच नंबर दोन."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"मागं केल्ती की एकदा," बापू हसून म्हणाला. "तवा न्हाई पेन अडलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्रभर ठरवत होतो, जायचं नाही. सकाळी उठून गेलो. का गेलो म्हणाल, तर भीती. बापूची भीती, आणि तो बोलला ते खरं असल्याची.

फरशी नुकतीच पुसलेली होती. नुसती ओली नाही, वर पाणी साचलं होतं. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, फडकं मांडीवर.

मी माझ्या चामडी चपला बाहेर काढल्या. उंबऱ्याच्या आत, माझ्याकडं तोंड करून, निळ्या रबरी स्लिपरांचा जोड ठेवलेला होता. बायकी माप. आजींना दया आली असेल असं वाटलं. ओल्या फरशीवर विजेचं काम करणाराला रबर मिळालं तर तो कशाला नाही म्हणतोय? मी पाय घातले. तळ गार होता, आणि अंगठ्यापाशी चिखल लागला. ओला, काळा, बागेतला असतो तसा.

बापू अनवाणी उभा होता. "चल, आवर."

मशीन चालू केलं. वंशावळ उघडली. बापूच्या सांगण्यावरून टाईप केलं. पत्नी भागूबाई. मुलगा गहिनीनाथ.

थिजलं.

कोपऱ्यात अकरा चाळीस. माझ्या मोबाईलमध्ये अकरा सदतीस.

"पिन काढून लाव," बापू म्हणाला.

मी भिंतीतून एक्स्टेन्शन बोर्डाची पिन उपटली. मशीन आणि पडदा, दोन्ही त्याच बोर्डावर होते. मशीनचा पंखा गरगरत थांबेल म्हणून मी वाट बघत राहिलो.

पंखा थांबला नाही. पडदाही गेला नाही.

मी हातातल्या पिनेकडं बघितलं, मग वायर डोळ्यांनी बोर्डापर्यंत नेली. दुसरी वायर नव्हती.

"बापू," मी म्हणालो. "मागं सरका."

पडद्यावरची ती बारीक उभी रेघ हलली. कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता. ती बापूच्या नावाच्या आधी जाऊन थांबली, आणि त्याचं नाव एक ओळ खाली सरकलं. मध्ये एक ओळ मोकळी झाली. एवढंच. काही लिहिलं नाही. नुसती जागा केली.

"मेल्यावर बी सुखानं जगू दीना!" बापू किंचाळला. "फेकतो भायेर ह्याला!"

"बापू, हात लावू नका!"

अडीच वर्षांपूर्वी मी हे इतक्या मोठ्यानं बोललो नव्हतो.

त्यानं दोन्ही हातांनी कॅबिनेट धरलं.

ओरडला नाही तो. तोंड उघडं राहिलं. बोटं पत्र्याला चिकटली आणि अंग बारीक थरथरायला लागलं.

मी लाकडी पाट उचलून त्याच्या हातांवर मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो सुटला आणि ओल्या फरशीवर पडला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला.

आजी जागच्या हलल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.

पिन अजून माझ्या डाव्या हातात होती.

पोलीस आले. विजेच्या ऑफिसातला माणूस आला, त्यानं मशीन उलटंपालटं करून तपासलं आणि काही सापडलं नाही म्हणून लिहून दिलं. पंचनाम्याला दोन माणसं लागली. या वेळी मी शब्द न् शब्द वाचला. वाचून झाल्यावर साहेबांना म्हणालो, मला अडीच वर्षांपूर्वीचंही एक लिहून द्यायचं आहे. तुटलेली तार, ऑटोचा स्विच, मी बापूला काय सांगितलं आणि ताईला काय सांगितलं नाही, सगळं लिहून दिलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आता काय उपयोग? मला वाटलं, आहे उपयोग. त्या रात्री अडीच वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

तेरावं झाल्यावर आजींचा निरोप आला. वंशावळ टाईप करायची आहे, ताईच्याच मशीनवर.

गेलो. चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसलो. मशीन लोण्यासारखं चालत होतं. पत्नी भागूबाई. मुलगी सुकन्या, मयत, तिची मुलगी निकिता. मुलगा गहिनीनाथ, मयत, त्याची पत्नी आणि मुलं. एकदाही अडकलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, मोबाईलशी ताडून बघितलं. प्रिंट निघाली. लिंबोणीच्या बागेतला निकिताचा वाटा आता कुणाला बुडवता येणार नव्हता. पंच नंबर एकची सही आजींनी आधीच कोऱ्या कागदावर घेऊन ठेवली होती. त्याच कागदावर प्रिंट काढली होती.

टेबलावर जागा नव्हती. मी कागद कॅबिनेटवर ठेवला, डाव्या हातानं दाबून धरला आणि पंच नंबर दोनच्या पुढं सही केली. झोकात केली. मनावरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

"आजी," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही चपला ठेवल्या म्हणून मी वाचलो बघा. उपकार झाले."

आजींनी कागद माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतला. सहीची शाई वाळली का ते बघितलं. मग घडी घालून कनवटीला खोचला.

"म्या न्हाई ठेवल्या," त्या म्हणाल्या.

"मग?"

"म्या तर तिला म्हनले हुते, त्याला बी अनवाणीच ऱ्हाऊ दे. त्याला बी ठावं हुतं समदं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "ती म्हनली, न्हाई आये, आत्ता नगं. सही कराया कोनतरी लागंल."

एवढं बोलून त्या फडकं पिळायला मोरीकडं गेल्या.

सही करून झाली होती. माझा डावा हात अजून कॅबिनेटवरच होता. कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा एकोणचाळीस झाले होते. मी खाली बघितलं. फरशी ओली होती, आणि माझ्या पायात काहीच नव्हतं.